शिवारातली एकटी ज्वारी

ट्रॅक्टरवाल्याकडं ज्वारीची चकती नव्हती. पेरणीयंत्रात प्रत्येक पिकासाठी वेगळी चकती बसवतात; बी बारीक असेल तर भोकं बारीक, मोठं असेल तर मोठी. त्याच्या डब्यात सोयाबीनची होती, हरभऱ्याची होती, करडईचीही एक गंजलेली निघाली. ज्वारीची नाही.

“म्याडम, ज्वारीची चकती आता कोण ठेवतंय?” तो म्हणाला. “माझी तर मागंच भंगारात गेली. हरभरा टाका ना तुम्ही. चहा होईस्तोर मोकळं करतो तुम्हाला.”

“मला मोकळं नाही व्हायचं. तू नुसत्या काकऱ्या पाडून दे, बी मी सोडते.”

“हातानं?”

“शिकले म्हणून हात झडले का माझे?”

तो हसला, काकऱ्या पाडल्या आणि निघून गेला. मी ओच्यात बी घेतलं आणि एकेका काकरीतून बोटांनी बी सोडत, पायानं माती लोटत चालत राहिले. दसरा कधीच होऊन गेला होता, तरी रान पायाला चिकटत होतं. अलीकडं पाऊस वेळेवर जातच नाही. जो हस्तानंतर निघून जायचा, तो आता दिवाळीच्या आकाशकंदिलावर पडतो. बांधावरून जाणारे लोक मोटारसायकल थांबवून माझ्याकडं बघत. काही विचारत नसत. बघून झालं की जात.

आमचं गाव मुखेड तालुक्यातलं. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. लातूरला वसतिगृहात राहून भूगोलात एम.ए. केलं, आणि आता मुखेडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. लग्न झालं नाही. ते का, हा विषय मी कुणाशी काढत नाही आणि दुसऱ्यालाही काढू देत नाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ लातूरला एका दालमिलमध्ये कारकून आहे. गुडघे पार गेल्यावर आईला तो घेऊन गेला. मी गावातच राहिले, घर आणि रान बघत.

जाताना आईनं मला एक मडकं दाखवलं होतं. राखेत कालवून ठेवलेलं ज्वारीचं बी. आमच्याकडं ह्या ज्वारीला दगडी म्हणतात. दाणा टणक, भाकरी जराशी राखाडी, पण सकाळची संध्याकाळी खाल्ली तरी मऊ. हे बी आईच्या सासूच्या आधीपासून ह्या घरात पेरलं जायचं आणि त्यातूनच पुढच्या सालाचं काढून ठेवलं जायचं. दुकानातून कधी आणलं नाही. आईच्या आजारपणात दोन-तीन साल पेरणीच झाली नाही. गावात दुसऱ्या कुणाकडं हे बी उरलेलं नव्हतं. मी दारोदार विचारून आले होते.

“ह्या साली पेरलं तर हाय,” आई म्हणाली होती. “न्हाई तर मग उगवायचं न्हाई माय. बी बी म्हातारं होतंय.”

ओल्या गोणपाटात मी मूठभर दाणे घालून पाहिले. निम्म्याहून थोडे जास्त उगवले. म्हणजे आई म्हणाली ते खरं होतं. हेच साल.

आता कुणी म्हणेल, ज्वारीच्या भागात ज्वारी पेरली, त्यात एवढं काय? मी लहान असताना नसतंच काही. तेव्हा थंडीत आमच्या वाड्यावस्त्यांभोवती दुसरं काही दिसायचंच नाही. माणूस रानात शिरला की बुडायचा. मग सोयाबीन आलं. खाली बोअर आणि तळ्याच्या कडेनं ऊस आला. सोयाबीन निघालं की लगेच हरभरा. ज्वारी काढायला माणसं लागतात, एकेक धाट उपटावं लागतं, हाताची सालपटं निघतात. बायका आता त्या कामाला येत नाहीत, आणि का यावं त्यांनी? कडबा खायला बैल नाहीत. बैल गेले म्हणून कडबा गेला की कडबा गेला म्हणून बैल, हे मला भूगोलात एम.ए. करूनही नीट सांगता येत नाही.

शेजारच्या रानाचे काका भावकीतलेच आहेत. त्यांचा हरभरा टवटवीत उगवला होता. एक दिवस बांधावर बसून ते बराच वेळ माझ्या कोंबांकडं बघत राहिले.

“पोरी, पाखरं ठेवणार न्हाईत.”

“थोडं खातीलच की काका. त्यांचा वाटा असतोच.”

“वाटा कवा असायचा? सगळ्या शिवारात ज्वारी असायची तवा. ह्याच्यात चार दाणे, त्याच्यात चार दाणे. आता आख्ख्या शिवाराची पंगत तुझ्या एकटीच्या दारात.”

“मग तुम्ही पेरायची होती माझ्यासंगं.”

“म्या?” काका उठले, धोतर झटकलं. “माझं काय डोकं फिरलंय का?”

ते जे म्हणाले ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि हातात शेवटचं बी असणं वेगळं. हरभरा पेरला असता तर बी मडक्यातच मेलं असतं. पेरलं तर निदान पाखरांशी गाठ होती.

ज्वारी चांगली आली. आमची काळी जमीन, खाली ओल भरपूर. वरून पाणी द्यावं लागलं नाही. येळवसेपर्यंत ती माझ्या डोक्याच्या वर गेली आणि पोटऱ्यात आली, म्हणजे कणीस पानांच्या गाभ्यात फुगून बसलेलं.

येळवस हा आमच्या भागातला रानातला सण. मार्गशीर्षातल्या अवसेला प्रत्येक जण आपापल्या रानात कडब्याची कोप करतो, कोप म्हणजे छोटी खोपी, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडतो, भज्जी, उंडे, आंबील असं जेवण नेतो आणि दिसेल त्याला बोलावून जेवू घालतो. त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळे रानात. पण कोप करायला कडबा लागतो. काही वर्षं लोक उसाच्या पाचटाची कोप करून राहिलेत, कुणी शेडनेटचं हिरवं कापड गुंडाळतं. करायची म्हणून करायची.

आदल्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तर बांधावर दोन बायका उभ्या.

“म्याडम, पाच धाटं द्या की. देवापुरती.”

मी दिली. मग आणखी चार जणं आली. मग पोरं धाडलेली. संध्याकाळपर्यंत माझ्या रानाच्या कडेला जत्रा भरल्यासारखं झालं. जे पेरणीपासून हसत होते ते सगळे ज्वारी मागायला आले होते. एक म्हातारा म्हणाला, “शेडनेटच्या कोपीत पांडवांना गुदमरून राहिलंय म्हणं.” त्याची सून पदर तोंडाला लावून हसली. मी प्रत्येकाला कडेच्या ओळींतलीच धाटं उपटून दिली, मधल्यांना हात लावू दिला नाही. पोटऱ्यातलं एकेक कणीस त्यांच्यासोबत गेलं. जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू. पण बरंही वाटत होतं. एवढी माणसं माझ्या बांधावर पूर्वी कधी आली नव्हती. एकीनं तर माझ्या हातातून धाटं घेऊन त्यांचा वास घेतला आणि म्हणाली, “माहेरी असाच वास यायचा.”

सणादिवशी चार ठिकाणी जेवायला बोलावणं आलं. मी काकांकडं गेले. त्यांच्या कोपीत माझी धाटं उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवार परत रिकामं. माझ्या रानाच्या कडेच्या ओळी तेवढ्या विरळ झालेल्या.

मग ज्वारी निसवली. कणसं बाहेर पडली, फुलली, दाणा धरायला लागला. आणि भोरड्या आल्या.

भोरडी म्हणजे साळुंकीसारखंच पाखरू, अंग गुलबट, डोकं-पंख काळे. थंडीत कुठून तरी लांबून थव्यानं येतात. एक थवा उठला की रानावर सावली पळते. पूर्वी त्या सगळ्या शिवारभर पांगायच्या. आता वरून त्यांना काय दिसत असेल ते मी कधी कधी डोळ्यांपुढं आणते: उसाचा एक मोठा तुकडा, हरभऱ्याचे खूप, आणि मधे एवढासा एक पिवळसर चौकोन. त्यांना शोधावंही लागलं नसणार.

मी चार बांबू रोवून माळा बांधला, वर फळी टाकली. पाखरं सकाळी आणि संध्याकाळी येतात, दुपारी सावलीला बसतात. तेवढं एक माझ्या सोयीचं होतं. दिवस उगवताना मी माळ्यावर, मधे कॉलेज, चार वाजता परत माळ्यावर. जुनं ताट चमच्यानं बडवायचं, गोफण फिरवायची, घसा फोडून ओरडायचं.

राखण मी लहानपणीही केली होती, आईबरोबर. तेव्हा शिवारभर माळे असायचे आणि प्रत्येकावर कुणीतरी. आपण हाकललेला थवा शेजाऱ्याच्या ज्वारीत बसायचा, तो शेजारी तिथून शिवी घालायचा, “ए, तुमची पाव्हणी तिकडंच ठिवा!” तो पुढं हाकलायचा, पुढची बाई त्याच्या नावानं बोटं मोडायची. दिवसभर एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर भांडणं, गाणी, कुणाच्या घरी काय झालं, कुणाची सून माहेरी गेली. पाखरांना कुठंच धड बसू मिळायचं नाही, आणि माणसांनाही एकटं वाटायला सवड मिळायची नाही. राखण हे एकट्याचं काम नव्हतंच कधी. ते गोल फिरायचं.

आता मी हाकललं की थवा उठायचा, बांधावरच्या बाभळीवर जाऊन बसायचा आणि माझा हात खाली येईस्तोवर वाट बघायचा. जाणार कुठं? आजूबाजूला दुसरी ज्वारी नव्हती. मला शिवी द्यायलाही कुणी नव्हतं. हरभऱ्यातून काका कधी मान वर करून बघायचे, हात हलवायचे, परत खाली वाकायचे. कधी कधी सकाळपासून मी पाखरांशिवाय कुणाशी बोललेलेच नसायचे आणि ते कॉलेजात, पहिल्या तासाला हजेरी घेताना माझ्या लक्षात यायचं, कारण आवाजच निघायचा नाही.

“म्याडम, घसा बसला का?” पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणायची.

“बसला नाही, उडवला,” मी म्हणायचे. पोरं हसायची.

त्याच दिवसांत वर्गात रब्बी पिकं शिकवायची आली. पुस्तकात छापलं होतं की आपल्या भागाचं रब्बीचं मुख्य पीक ज्वारी. मी ते वाचलं. मागून एक पोरगा म्हणाला, “म्याडम, कुठंय?”

“माझ्या शेतात.”

वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग फळ्यावर पुस्तकात होतं तसंच लिहिलं, कारण परीक्षेत तेच येणार होतं.

आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा. लातूरच्या तिसऱ्या मजल्यावर तिच्याकडं दुसरं काय होतं? भाऊ मिलवर, वहिनी सकाळी एका क्लासच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जाते, नात शिकवणीला. आई खिडकीत.

“दाणा भरला का?”

“भरून राहिलाय.”

“भोरड्या?”

“आल्यात.”

“किती?”

“आभाळभर.”

 मग आई म्हणायची, “तू जेवलीस का?” एकदा मात्र ती म्हणाली, “खाऊ दे त्यांना माय. कुलूप लाव अन् ये इकडं. दोघी बसू खिडकीत.”

“अन् बी?”

“बी काय, बी तर...” तिनं वाक्य पुरं केलं नाही. मला तेव्हा वाटलं रेंज गेली असेल.

एक दिवस कॉलेजात परीक्षेवर देखरेखीची माझी पाळी होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. नाही म्हणायची सोय नव्हती. तासिकावाल्यांना ती कधीच नसते. काकांना सांगितलं होतं, ते मधे मधे ओरडलेही. पण त्यांना त्यांचं रान होतं. परत आले तर पश्चिमेकडची जवळजवळ निम्मी ज्वारी मोकळी. कणसं होती तशीच उभी, नुसता कोंडा. हातात घेतलं तर वजनच नाही. मी त्या ओळींतून फिरले, एकेक कणीस चेपून बघितलं. उरलेलं चार दिवसांत जाईल हे दिसत होतं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, पीक गेलं तर जाऊ दे, बी वाचवायचं. रानाच्या मधोमध सगळ्यात भरदार कणसं होती. आई बियाण्यासाठी तिथलीच निवडायची. तेवढीच झाकायची.

मुखेडला बाजारगल्लीत एक जुने टेलर आहेत. त्यांच्या आजोबांपासून दुकान तिथंच. मी लहान असताना परकर-पोलकं त्यांच्याकडचंच असायचं. आम्ही त्यांना चाचा म्हणतो.

“चाचा, पिशव्या शिवून पाहिजेत. एवढ्या.” मी हात दाखवला, मनगटापासून कोपरापर्यंत. “तोंडाला नाडी.”

“ह्ये कशाला? बाहुल्यांचे झबले हायत का?”

“ज्वारीच्या कणसाला.”

चाचांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडं पाहिलं. मग शिलाईयंत्रावरच्या लेकाकडं पाहिलं. “सुन रहा है क्या? आमच्या वालिदसाहेबांच्या टायमाला ज्वारीची सुगी झाली की लोक कपडे शिवायला यायचे, इथून त्या पिंपळापर्यंत रांग. ज्वारीलाच कपडे शिवायला कुणी आलं न्हवतं अजून.”

“मग आजपासून सुरू करा.”

“माप कुठंय? गिऱ्हाईक घेऊन यायचं असतंय.”

मी पिशवीतून एक कणीस काढून त्यांच्या फळीवर ठेवलं. चाचांनी खरंच टेप लावला. ब्लाऊजच्या अस्तराचे तुकडे त्यांच्याकडं ढीगभर पडून होते, तेच वापरले. लाल, मोरपंखी, आंबा रंगाचे, जांभळे. दुसऱ्या दिवशी गोणी भरून पिशव्या तयार होत्या. वर म्हणाले, “धुऊन आणा परत. लग्नसराईत लागतील.”

मी त्या बांधल्या. एकेक कणीस वाकवून, पिशवी घालून, नाडी आवळून. मान अवघडून गेली. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. म्याडमनं ज्वारीला पोलकी घातली म्हणून लोक बघायला आले. कुणी फोटो काढले. एक जण म्हणाला, “आता पदर बी काढा म्हणावं.” काका बांधावर येऊन म्हणाले, “आता ही नांदायला कवा जाणार?”

“तुमच्या रानात देते. घेता का सून म्हणून?”

काका हसले आणि आपल्या हरभऱ्यात शिरले.

भोरड्यांनी बाकीची ज्वारी चार दिवसांच्या आतच संपवली. पिशव्यांवरही बसायच्या, चोच मारून बघायच्या. काही फाटल्या. बऱ्याचशा टिकल्या. मला आता हाकलायला फारसं काही उरलं नव्हतं, तरी मी चार वाजता जायचे. लांबून, वाटेच्या वळणावरून, ते रंगीत तुकडे वाऱ्यावर हललेले दिसायचे आणि क्षणभर वाटायचं, रानात कुणी आलंय. बायका ओळीनं कामाला लागल्यात असं वाटायचं. जवळ गेलं की पिशव्या.

दाणा वाळल्यावर मी ती कणसं कापली. कडबा काकांनी म्हशीसाठी उपटून नेला. त्या कामाला ते आणि काकू दोघं आले, तिघांनी मिळून एका सकाळी रान मोकळं केलं. काकूंनी येताना माझ्यासाठी भाकरी आणली होती. गव्हाची पोळी नाही, भाकरी. विकतच्या ज्वारीची.

कणसं घेऊन मी लातूरच्या बसमध्ये बसले. आईला दाखवायची होती. बी निवडायचं तिनं, अशी पद्धत होती. चाकूर आलं तरी गोणी मांडीवरच होती. कंडक्टर म्हणाला, “ताई, वर ठेवा की.” मी ठेवली नाही.

आईनं जमिनीवर चादर अंथरायला लावली आणि गुडघे लांब करून बसली. एक कणीस दोन्ही तळव्यांत घेऊन चोळलं, फुंकर मारली. दाणे तळहातावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. एक दाताखाली चावला.

“आपलीच हाय,” म्हणाली. “जरा बी भेसळ न्हाई.”

“भेसळ करायला होतं कोण?” मी म्हणाले.

आम्ही दोघींनी सगळी कणसं मळली. वहिनी येता-जाता बघत होती. पाखडून, वेचून जे राहिलं ते तीन-चार शेरांच्या आसपास. आईनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “खाली गिरणी हाय. उद्या दळून आण.”

“ह्यातलं थोडं?”

“सगळं.”

मला वाटलं तिला भाकरीची आठवण झाली असेल. तीन सालांत घरची खाल्ली नव्हती. मी म्हणाले, “आई, हे बी आहे. भाकरीला दुकानातून आणते.”

“मला कळतंय बी हाय ते. म्याच दिलतं ना?” तिनं माझ्याकडं बघितलं नाही, दाणे सारखे करत राहिली. “ही घरात हाय तवर तू तिथून हालायची न्हाईस. एकटी त्या माळ्यावर बसून पाखरांना बोलून राहिलीस. मला काय फोनवर ऐकू येत न्हाई का? बोलता बोलता मधीच हाड हाड करतीस. म्या तुला बी दिलं ते चुकलं माझं. तवा वाटलं, असू दे, घर हाय तर बी असावं. आता दळून आण. चार दिस खाऊ. मग तू ये.”

“अन् मग तिथं काय पेरू?”

“रान काकाला दे ठोक्यानं, सालाचे पैसे ठरवून. त्यो लावंल काय लावायचं ते.”

वहिनी आतून म्हणाली, “इथं क्लासमध्ये बी नोकऱ्या हायत ताई. भूगोलाला मागणी हाय म्हणतात.” तिनं ते मनापासून म्हटलं होतं.

 मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. आईला मी दिसत नव्हते, नुसता आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजावरून तिनं सगळं बरोबर ओळखलं होतं. त्या थंडीत ज्वारी वाचते की नाही ह्या काळजीत मी होते. मी वाचते की नाही ह्या काळजीत आई होती.

सकाळी पिशवी घेऊन मी तीन मजले उतरले. गिरणीवर चार डबे रांगेत, तीन गव्हाचे, एक ज्वारीचा. माझी पाळी आली. गिरणीवाल्यानं पिशवी हातात घेऊन तोलली.

“एवढीशीच? ताई, एवढी एकटी न्हाई दळता येत. निम्मी तर दगडातच बसंल. ह्या काकूंची ज्वारी चालू करणारच हाय, त्याच्यावरच टाकतो. पीठ मापून देतो तुम्हाला.”

ज्वारीच्या डब्याच्या काकू बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “टाका की, काय बिघडतंय. माझी बी चांगली हाय, मार्केटातली.”

गिरणीच्या तोंडाशी त्यांची पांढरीशुभ्र ज्वारी दिसत होती. आमची त्यापुढं मळकट. मी पिशवी परत घेतली आणि जिना चढले.

आई दाराकडं तोंड करूनच बसली होती.

“दळली?”

“थोडी आहे म्हणाला. एकटीची दळत नाहीत. दुसऱ्याच्यात टाकावी लागेल.”

“मग?”

“मग आणली परत.”

आई पिशवीकडं बघत राहिली. खाली गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज येत होता.

“लातुरात दुसरी गिरणी न्हाई का?”

“आहे की. पलीकडच्याच गल्लीत.”

“हाय ना?”

“हाव.”

 बऱ्याच वेळानं आईनं पिशवी मागितली, मांडीवर घेतली, तोंडाची गाठ सोडून परत घट्ट मारली. मग वहिनीला हाक मारून म्हणाली, “चुलीतली राख कुठं मिळंल गं हितं?” वहिनी म्हणाली, “लातुरात राख कुठली आत्याबाई?” आई म्हणाली, “मग गावाकडं गेल्यावर घालावी लागंल.” आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. दुपारच्या बसला मी निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. पहिल्या पायरीच्या पुढं तिला येता येत नाही.

ह्या साली पेरणीच्या आधी मी गावात फिरले. ज्यांनी येळवसेला धाटं नेली होती त्यांच्या घरी गेले. म्हणाले, एकेक पट्टा पेरा, माझ्या रानाला लागून, बी मी देते, राखण वाटून घेऊ. सगळ्यांनी चहा दिला. एकानं सांगितलं की पुढच्या साली नक्की. एक बाई म्हणाली, “तुम्ही पेरा म्याडम, आम्ही हावच की येळवसेला.” काकांनी एक ओळ घ्यायचं कबूल केलं होतं, बांधाच्या आतून, पण पेरणीदिवशी त्यांच्या लेकानं हरभऱ्याचीच चकती लावली.

मी पेरली, सगळं बी नाही, निम्मं. निम्मं राखेत ठेवलंय. आईचा फोन संध्याकाळी येतो. ‘ये’ म्हणत नाही आता. काल म्हणाली, “माळ्यावर मोबाईल घेऊन जात जा अन् चालूच ठेवत जा. म्या हितनं ओरडते.” मला हसू आलं. ती हसली नाही, ती खरंच म्हणत होती.

उगवण बरी आहे. दोन्ही अंगांना हरभरा, खाली ऊस. पाखरांना अजून पत्ता लागलेला नाही.